आजोबांचे वाक्य : ज्यू-संहारावरील बालकथा आणि आपले धर्मशिक्षण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी राजवटीने युरोपातील सुमारे साठ लाख ज्यू स्त्रीपुरुषांची व मुलांची पद्धतशीर हत्या केली. युद्धानंतर या घटनेवर जे बालवाङ्मय निर्माण झाले त्याची एक शाखा मैत्रीच्या कथांची आहे. कथानकाचा सांगाडा बहुधा सारखाच असतो. एकाच घरात, गल्लीत किंवा वर्गात वाढणारी दोन मुले. त्यांतील एक ख्रिस्ती घरातले, दुसरे ज्यू. दोघांचा एकमेकांवर जीव. आणि मग राज्यसत्तेने दोघांच्या मध्ये उभी केलेली भिंत. यांपैकी काही कथा चित्रपटांच्या द्वारे आमच्या बऱ्हाणपूरपर्यंत येऊन पोहोचल्या आहेत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातील मोठी मुले त्यांविषयी प्रश्न विचारू लागली आहेत. त्या प्रश्नांना उत्तर देताना केवळ 'फार वाईट झाले' असे म्हणून पुढे जाणारा धर्मशिक्षक एक महत्त्वाची गोष्ट हातची घालवितो, असे आम्हांस वाटते. कारण या कथांतील उत्तम कथा नीट वाचल्या तर त्यांच्यात ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे एक प्रकरण सापडते, आणि ते प्रकरण धर्मशिक्षणाविषयीच आहे.

प्रथम हान्स पेटर रिख्टर यांच्या पुस्तकाकडे वळू. रिख्टर यांचा जन्म १९२५ साली कोलोन शहरी झाला. 'दामाल्स वार एस फ्रीडरिख' हे त्यांचे पुस्तक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७० मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. पुस्तक लहान आहे. दोन ते पाच पानांची बत्तीस प्रकरणे, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शिरावर सालाचा आकडा : १९२५ पासून १९४२ पर्यंत. कथा सांगणारा मुलगा आपले नाव शेवटपर्यंत सांगत नाही. त्याच्या वरच्या मजल्यावर श्नायडर नावाचे ज्यू कुटुंब राहते, आणि त्यांचा मुलगा फ्रीडरिख हा याच्याहून अवघ्या एका आठवड्याने लहान आहे. दोन्ही आया एकमेकींच्या मुलांना सांभाळतात, बटाट्याच्या धिरड्यांवर दोन्ही मुले तुटून पडतात, बर्फात एकत्र खेळतात.

हिटलर १९३३ च्या जानेवारीत सत्तेवर आला. त्यानंतर या मैत्रीचे काय होते ते रिख्टर अतिशय कोरड्या भाषेत सांगतात. फ्रीडरिखच्या वडिलांची सरकारी नोकरी जाते. घरमालक त्यांना घराबाहेर काढण्यासाठी न्यायालयात जातो. फ्रीडरिखला शाळा सोडावी लागते. पोहण्याच्या तलावावर त्याचा अपमान होतो. बागेतील हिरव्या बाकावर बसण्याची त्याला चोरी होते. इकडे निवेदकाचे वडील बेकार असतात. ते पक्षाचे सभासद होतात आणि त्यांना नोकरी मिळते. ते दुष्ट गृहस्थ मुळीच नव्हेत. एके दिवशी ते श्नायडरना एकीकडे घेऊन, वेळ आहे तोवर देश सोडून जा, असा मित्रत्वाचा सल्लाही देतात. मात्र पक्ष सोडीत नाहीत. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ज्यूंच्या घरांवर हल्ले होतात त्या दिवशी निवेदक स्वतः, तेरा वर्षांचा मुलगा, जमावाबरोबर ज्यू उमेदवारांच्या वसतिगृहात शिरतो, त्याच्या हाती हातोडा येतो आणि तो दिसेल ते फोडीत सुटतो. दमून घरी येतो, तर थोड्या वेळाने तोच जमाव वरच्या मजल्यावर चढतो. मग मायलेक रडत बसतात. फ्रीडरिखची आई त्या हल्ल्यानंतर मरण पावते, पुढे वडिलांना पकडून नेतात. १९४२ च्या एका हवाई हल्ल्याच्या रात्री फ्रीडरिख तळघरातील आश्रयस्थानाचे दार ठोठावतो. घरमालक त्याला आत घेऊ देत नाही. आत निवेदक असतो, त्याचे आईवडील असतात. हल्ला थांबल्यावर सर्वजण बाहेर येतात तेव्हा फ्रीडरिख पायरीवर मरून पडलेला असतो.

या पुस्तकाची चर्चा करणारे बहुधा हातोड्याच्या प्रसंगावर किंवा तळघराच्या प्रसंगावर थांबतात. आम्ही आमच्या धर्मबंधूंचे लक्ष चौथ्या प्रकरणाकडे वेधू इच्छितो. त्याच्या शिरावर साल आहे १९३०. निवेदकाचे आजोबा, रेल्वेतील कर्मचारी, घरी येतात. कुटुंब त्यांच्याच पैशावर चालले असल्यामुळे सर्वजण त्यांच्यापुढे दबून असतात. वरच्या मजल्यावर ज्यू राहतात आणि नातू त्यांच्या मुलाबरोबर खेळतो हे कळताच आजोबा ती मैत्री बंद करावयास सांगतात. कारण काय? तर आपण ख्रिस्ती आहोत, आणि ज्यूंनी आपल्या प्रभूला क्रुसावर दिले. वडील एवढेच म्हणतात की श्नायडरांनी तर ते केलेले नाही. त्यांचे म्हणणे तेथेच विरते.

हिटलर सत्तेवर येण्यास तेव्हा अजून तीन वर्षे होती. घरात पक्षाचा कोणी सभासद नव्हता, वंशशुद्धीचे तत्त्वज्ञान कोणी वाचलेले नव्हते. या पुस्तकात पुढे ज्यूंविरुद्ध नाना प्रकारची भाषणे येतात, परंतु मैत्री तोडण्याची पहिली आज्ञा घरातील वडीलधाऱ्या माणसाने दिली आहे आणि तिचे कारण पवित्र शास्त्राच्या नावाने दिले आहे. रिख्टर यांनी यावर एका शब्दाचेही भाष्य केलेले नाही.

आता विचार करावयाचा तो हा, की आजोबा हे कोठे शिकले?

त्यांना कोणी खोटी प्रश्नोत्तरी शिकविली होती असे नाही. त्रेंत परिषदेनंतर १५६६ साली प्रसिद्ध झालेल्या रोमन प्रश्नोत्तरीत ख्रिस्ताच्या दुःखसहनास जबाबदार कोण, या प्रश्नाचा ऊहापोह आहे. आणि तेथील उत्तर स्पष्ट आहे. पापात वारंवार पडणारा प्रत्येक मनुष्य त्याला जबाबदार आहे, आणि ख्रिस्ताला ओळखून पाप करणाऱ्या आपणां ख्रिस्ती लोकांचा अपराध त्या काळच्या ज्यूंपेक्षा अधिक जड आहे. चारशे वर्षे हे उत्तर धर्मगुरूंच्या कपाटात होते. परंतु लोक कपाटातून शिकत नाहीत. ते चित्रांतून, नाटकांतून, प्रवचनांतून आणि उपासनेतील हालचालींतून शिकतात. बव्हेरियातील ओबेरआमेरगाऊ या गावी १६३४ पासून चालत आलेले दुःखसहनाचे नाटक घ्या. त्याच्या त्रिशतसांवत्सरिक प्रयोगाला १९३४ च्या ऑगस्टमध्ये हिटलर स्वतः हजर राहिला व खूश होऊन गेला. ख्रिस्तसभेच्या उपासनेतच पाहावयाचे तर उत्तम शुक्रवारच्या गंभीर प्रार्थनांत प्रत्येक हेतूनंतर सारी मंडळी गुडघे टेकीत असे. ज्यूंसाठी असलेल्या प्रार्थनेपुरतेच गुडघे टेकले जात नसत. हा भेद पोप बारावे पायस यांनी १९५५ च्या सुधारणेत काढून टाकला. त्याच प्रार्थनेत ज्यूंना लावलेले 'पेर्फिदिस' हे लॅटिन विशेषण पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली गाळले. लॅटिन पंडित त्याचा अर्थ 'विश्वास न ठेवणारे' असा सांगत. भाषांतरांतून मात्र ते 'विश्वासघातकी' असे कानी पडे. आता कल्पना करावी की आठ वर्षांचा मुलगा आजोबांशेजारी उभा आहे. सगळ्यांसाठी गुडघे टेकले, यांच्यासाठी नाही, एवढे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्याला आणखी वेगळी शिकवण कशाला हवी? प्रॉटेस्टंट बंधूंकडेही निराळी स्थिती नव्हती. मार्टिन ल्यूथर यांनी १५४३ साली ज्यूंविरुद्ध लिहिलेली पुस्तिका नाझींनी आनंदाने वापरली.

या सवयीचे निदान ज्याने केले तो मनुष्य पाठ्यपुस्तकांचा लेखक होता, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. झ्यूल इझाक हे फ्रान्समधील ज्यू इतिहासकार. फ्रेंच शाळांतील मुलांच्या कित्येक पिढ्या 'माले-इझाक' या नावाने प्रसिद्ध असलेल्या इतिहासाच्या पुस्तकांवर वाढल्या. १९४३ मध्ये त्यांची पत्नी व मुलगी यांना पकडून आउशवित्झला नेण्यात आले व तेथे त्या मारल्या गेल्या. लपतछपत राहून या वृद्ध शिक्षकाने चार शुभवर्तमाने मूळ ग्रीकमधून वाचली आणि शुभवर्तमाने प्रत्यक्ष काय म्हणतात व ख्रिस्ती शिक्षक त्यांच्या नावावर काय सांगतात यांची ओळीला ओळ लावून तुलना केली. 'येशू आणि इस्राएल' हा त्यांचा ग्रंथ १९४८ साली निघाला. त्याआधी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधील झेलिसबेर्ग येथे ख्रिस्ती व ज्यू विद्वानांच्या परिषदेने धर्मशिक्षकांसाठी दहा सूचना मान्य केल्या, त्यांमागेही त्यांचेच परिश्रम होते. १३ जून १९६० रोजी इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. त्यांनी मांडलेला विषय पोपमहोदयांनी कार्डिनल बेआ यांच्याकडे सोपविला, आणि त्यातूनच पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र आकारास आले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ते २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाले. त्याच्या चौथ्या परिच्छेदात परिषदेने सांगितले की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर सरसकट आणि आजच्या ज्यूंवर मुळीच ठेवता येत नाही; आणि धर्मशिक्षणात व प्रवचनात याविरुद्ध काही शिकविले जाऊ नये. रिख्टर यांच्या पुस्तकातील वडील १९३० साली जे बोलून गप्प झाले, जवळजवळ तेच परिषदेने पस्तीस वर्षांनी मतदान करून सांगितले. इझाक तोवर हयात नव्हते. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

या शाखेतील इतर पुस्तकांपैकी फ्रेड ऊलमन यांची 'रीयुनियन' ही १९७१ ची छोटी कादंबरी स्टुटगार्टमधील दोन शाळकरी मित्रांची आहे. ती खऱ्या अर्थाने मोठ्यांसाठीच आहे, म्हणून तिचा नुसता उल्लेख करतो. अमेरिकन लेखिका लोइस लौरी यांच्या १९८९ च्या 'नंबर द स्टार्स' या पुस्तकापाशी मात्र थोडे थांबले पाहिजे. त्यात कोपनहेगनमधील ॲनमारी व तिची ज्यू मैत्रीण एलन यांची कथा आहे आणि या साऱ्या कथांत ती अपवाद ठरते, कारण तिच्यात मैत्रीण वाचते. हा लेखिकेचा हळवेपणा नव्हे. डेन्मार्कमध्ये खरोखरच तसे घडले. १९४३ च्या ऑक्टोबरात सुमारे सात हजार ज्यूंना सामान्य डॅनिश लोकांनी मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचविले. त्याच महिन्याच्या ३ तारखेला, रविवारी, देशभरच्या ल्यूथरन देवळांत कोपनहेगनचे बिशप फुग्लसांग-डामगोर यांचे पत्र वाचून दाखविण्यात आले होते. ज्यूंचा छळ हा ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे त्यात स्वच्छ शब्दांत म्हटले होते, आणि येशू ज्यू कुळात जन्मला याची आठवण दिली होती. या पत्रामुळेच ज्यू वाचले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वीडन जवळ होता, ज्यूंची संख्या लहान होती, धरपकडीची बातमी आधी फुटली होती. शिवाय हॉलंडचे उदाहरण समोर आहे. तेथील कॅथॉलिक बिशपांनी २६ जुलै १९४२ रोजी असेच निषेधपत्र देवळादेवळांतून वाचविले, आणि त्याचा सूड म्हणून जर्मनांनी बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंना पकडले. संत ईडिथ श्टाईन या त्यांच्यापैकीच एक. ९ ऑगस्ट रोजी आउशवित्झ येथे त्यांचा अंत झाला. म्हणजे बोलल्याने प्राण वाचतातच असे नाही. एवढे मात्र म्हणता येईल, की ज्या देशात वेदीवरून असे पत्र वाचले गेले त्या देशातील मुलांनी आजोबांच्या वाक्याला दिलेले दुसरे उत्तर ऐकले होते.

आयरिश लेखक जॉन बॉइन यांचे 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' हे २००६ चे पुस्तक व त्यावरील २००८ चा चित्रपट आज सर्वांत अधिक परिचित आहे. आमच्या वर्गातील मुलांनी विचारलेले प्रश्नही मुख्यतः त्याविषयीच असतात. त्यात छळछावणीच्या प्रमुखाचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रूनो काटेरी तारेपलीकडील श्मूएल या ज्यू मुलाशी मैत्री करतो. पुस्तक डोळ्यांत पाणी आणते, पण धर्मशिक्षकांनी त्यावर विसंबू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. श्मूएलच्या वयाची बहुतेक मुले आउशवित्झला पोहोचताच ठार केली जात; रोज तारेपाशी येऊन बसण्याइतका अवधी त्यांना मिळत नसे. आणि लष्करी अधिकाऱ्याच्या घरातील नऊ वर्षांच्या जर्मन मुलाला ज्यू म्हणजे कोण हे ठाऊक नसावे, हे तर त्याहून अशक्य. जर्मन शाळेत तो हेच शिकत होता! आउशवित्झ येथील स्मारक-संग्रहालयाने २०२० साली जाहीरपणे सांगितले की या इतिहासाचा अभ्यास वा अध्यापन करणाऱ्यांनी हे पुस्तक टाळावे. आमचा आक्षेप त्याहून थोडा निराळा आहे. ब्रूनोला काहीच ठाऊक नसते, म्हणून त्याला काहीच विचारता येत नाही. रिख्टर यांच्या अनामिक मुलाला सर्व ठाऊक असते. तो आजोबांचे ऐकतो, शाळेत ऐकतो, आणि तरीही फ्रीडरिखवर प्रेम करतो. तेरा वर्षांचा झाल्यावर हातोडाही उचलतो. तो आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांसारखा आहे.

कल्पित कथांविषयी एवढे पुरे. अशीच एक खरी मैत्री आपणां सर्वांना ज्ञात असलेल्या व्यक्तीच्या आयुष्यात होऊन गेली. पोलंडमधील वादोवित्से या गावी प्रत्येक पाच माणसांत एक ज्यू होता. तेथे कारोल वोयतिवा आणि येर्झी क्लुगर हे दोघे एका वर्गात होते. येर्झीचे वडील विल्हेल्म क्लुगर हे वकील असून गावातील ज्यू समाजाचे प्रमुख होते. मुलांच्या फुटबॉलच्या सामन्यांत कॅथॉलिक विरुद्ध ज्यू असे संघ पडत. ज्यूंना गोलरक्षक कमी पडला की कारोल त्यांच्याकडून उभा राहत असे. क्लुगर यांनी पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. माध्यमिक शाळेच्या प्रवेशाचा निकाल सांगण्यासाठी येर्झी धावत देवळात गेला. तेथे कारोल मिस्सेत सेवा करीत होता. ज्यू मुलाला देवळात पाहून एका बाईने आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा कारोलने, आपण सारी एकाच देवाची मुले नव्हे काय, असे तिला विचारले. या ठिकाणी आजोबांच्या जागी ती बाई आहे. तिला उत्तर देणारा मुलगा मात्र गप्प बसला नाही.

१९३९ साली जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. येर्झी व त्याचे वडील पूर्वेकडे निघून गेले, सोव्हिएत फौजांच्या हाती सापडले आणि श्रमछावणीत गेले. मागे राहिलेली आई आणि बहीण आउशवित्झला मारल्या गेल्या. वादोवित्सेपासून ते ठिकाण काही कोसांवरच आहे. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली ती १९६५ साली, रोममध्ये, व्हॅटिकन परिषदेच्या अखेरच्या सत्राच्या वेळी. क्लुगर तेथे अभियंता म्हणून स्थायिक झाले होते आणि क्राकूवचे आर्चबिशप वोयतिवा परिषदेसाठी आले होते. म्हणजे 'नोस्त्रा एताते' संमत झाले त्याच सुमारास. पुढे १९७८ मध्ये वोयतिवा पोप जॉन पॉल दुसरे झाले, १९८६ मध्ये रोममधील सिनेगॉगला भेट देण्यास गेले. आणि १९८९ मध्ये वादोवित्से येथे नाझींनी उद्ध्वस्त केलेल्या सिनेगॉगच्या जागी स्मृतिफलक बसविण्यात आला तेव्हा त्या समारंभासाठी त्यांनी आपल्या या बालमित्राला पत्र लिहिले. व्हॅटिकन व इस्राएल यांच्यात १९९३ अखेर जो करार झाला त्याच्या पूर्वतयारीत क्लुगर यांचा अनौपचारिक हातभार होता. २०११ च्या अखेरच्या दिवशी ते वारले.

क्लुगर श्रमछावणीतून सुटले ते १९४१ मध्ये. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर स्टालिनने पोलिश कैद्यांस मोकळे केले आणि सेनापती अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहिले. क्लुगर त्या सैन्यात होते. पुढे इटलीत मोन्ते कासिनोला लढले. १९४२ मध्ये या सैन्याबरोबर हजारो नागरिक, त्यांत अनेक अनाथ मुले, कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पाहलवी बंदरात उतरली. या मुलांची कथा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येते, आणि विषयाला सोडून नसल्यामुळे ती जरा विस्ताराने सांगतो.

ही मुले पोलिश होती, म्हणजे त्यांत कॅथॉलिक होती तशी ज्यूही होती. सायबेरियाच्या व कझाकस्तानच्या वाटेवर ती एकत्र उपाशी राहिली होती, एकत्र आजारी पडली होती. तेहरानच्या छावणीत त्यांचे दोन भाग झाले. ज्यू संस्थांनी ज्यू मुलांसाठी निराळे बालगृह उघडले व त्यांना पॅलेस्टाइनला नेण्याची व्यवस्था सुरू केली. त्या मुलांपैकी अनेकांनी मोठेपणी सांगितलेल्या आठवणींत असे येते की पोलिश अनाथालयांत सोबतीच्या मुलांनी त्यांना ज्यू म्हणून छळले, आणि काहींनी तर आपण कॅथॉलिक असल्याचे भासविले होते. सारख्याच भुकेने मेटाकुटीला आलेल्या अनाथ मुलांना हा भेद युद्धाने शिकविला नव्हता. तो त्यांनी घरून, आपल्या गावाहून, शिदोरीसारखा बरोबर आणला होता. इराकने वाटेचा परवाना नाकारल्यामुळे सातशेहून अधिक ज्यू मुलांना १९४३ च्या जानेवारीत जहाजाने कराचीस आणण्यात आले. तेथे ती काही दिवस तंबूंत राहिली, मग दुसऱ्या जहाजाने सुएझला गेली आणि १८ फेब्रुवारी १९४३ रोजी पॅलेस्टाइनमधील अतलित येथे पोहोचली. इतिहासात ती 'तेहरानची मुले' म्हणून ओळखली जातात.

त्यांची कॅथॉलिक सोबती मुलेही त्याच वर्षी इराणहून कराचीस आली, पण तेथून त्यांचा रस्ता कोल्हापूरकडे वळला. कोल्हापूर संस्थानात पंचगंगेच्या काठी वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया व मुले. त्यांच्या शाळा होत्या, इस्पितळ होते, देऊळ होते, नाटकगृहही होते. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे आश्रय दिलेल्या मुलांपैकी काहीजण पुढे इकडेच आले. त्या मुलांतील कित्येकांनी वृद्धापणी कोल्हापूरला परत येऊन त्या जागा पाहिल्या, आणि शहरात त्यांचा स्मृतिस्तंभही उभा आहे. आम्हांस राहून राहून वाटते ते हे, की बहिणीबहिणींसारख्या एका बराकीत झोपलेल्या दोन मुलींपैकी एक अतलितला आणि दुसरी वळिवड्याला गेली असेल, तर कोल्हापूरच्या मराठी शेजारणींना त्या दुसरीच्या तोंडून पहिलीचे नाव कधी ऐकू आले असेल काय? पोलिश वसाहत उठल्यावर त्याच बराकींत फाळणीने बेघर झालेली सिंधी कुटुंबे वसविण्यात आली. कापडाच्या घाऊक व्यापाराबद्दल प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

बऱ्हाणपुरातही सिंधी वस्ती आहे, आणि तेथील आजी-आजोबांच्या घरी सुटलेल्या गावाच्या व तुटलेल्या सोबत्यांच्या गोष्टी आहेत. या गावाचे सांगावयाचे तर येथील जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरविला. बोहरा समाजाचा दर्गा-ए-हकीमी येथे आहे. मराठी, हिंदी, उर्दू या तिन्ही भाषा एका गल्लीत ऐकू येतात. ज्यू मात्र येथे नाहीत. कोकणात अलिबाग, रेवदंडा, पेण या बाजूला बेने इस्राएल लोक शतकानुशतके 'शनवार तेली' म्हणून शेजाऱ्यांमध्ये सुखाने नांदले, त्यांच्यासाठी डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक आपखुशीने इस्राएलला गेले. मराठी भूमीवर ज्यू मुलाची शेजाऱ्याशी असलेली मैत्री तुटली असेल तर ती बंदरावर, निरोप देऊन. तापीकाठच्या आमच्या मुलांना तेवढाही परिचय नाही. त्यांच्या कानावर 'यहूदी' हा शब्द पडतो तो उत्तम शुक्रवारी, योहानकृत शुभवर्तमानातील दुःखसहनाच्या वाचनात, आणि उपवासकाळात क्रूसाची वाट नाट्यरूपाने सादर होते तेव्हा, आरडाओरड करणाऱ्या जमावाच्या रूपात.

येथे आपल्या परिस्थितीची एक गुंतागुंत ध्यानी घ्यावी लागते. खंडवा धर्मप्रांतातील ख्रिस्ती मुले संख्येने अगदी थोडी. शाळेत, गल्लीत ती इतरांच्या मुलांत मिसळून वाढतात. आणि म्हणून रिख्टर यांची गोष्ट सांगितली की ती फ्रीडरिखच्या बाजूने ऐकतात. वर्गातील एकटा वेगळा मुलगा म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. ते स्वाभाविक आहे आणि त्यात काही गैरही नाही. परंतु श्रद्धेच्या वारशाने ती निवेदकाच्या घरातील आहेत. आजोबांचे वाक्य फ्रीडरिखच्या घरात बोलले गेले नव्हते. ते ज्या घरात बोलले गेले त्याच घरातून आपली प्रश्नोत्तरी, आपली चित्रे, आपली क्रूसाची वाट आली आहे. दोन्ही बाजूंनी गोष्ट ऐकणे मुलांना जमते. मोठ्यांपेक्षा बरे जमते, असा आमचा अनुभव आहे.

म्हणून धर्मशिक्षकांस आमची सूचना अशी. उपवासकाळाच्या सुरुवातीला, दुःखसहनाच्या वृत्तांताकडे वळण्याआधी, मोठ्या मुलांना फ्रीडरिखची गोष्ट सांगावी. चौथे प्रकरण सांगून झाले की थांबावे आणि आजोबांना काय उत्तर देता येईल ते मुलांनाच विचारावे. मग त्रेंत प्रश्नोत्तरीतील तो भाग व 'नोस्त्रा एताते'चा चौथा परिच्छेद सोप्या मराठीत वाचून दाखवावा. मुलांची उत्तरे बहुधा त्यांच्या जवळपास आलेली असतात. येशू, मरिया, पेत्र, पौल ही सर्व मंडळी ज्यू होती, वल्हांडणाचे भोजन हे ज्यूंचे भोजन होते, हे त्याच वेळी सांगावे. क्रूसाच्या वाटेच्या नाट्यातील जमावाला 'यहूदी' असे नाव देऊन वेगळ्या पोशाखात उभे करण्याची रीत कोठे असेल तर ती सोडावी; जमावात गावातीलच माणसे नेहमीच्या कपड्यांत उभी राहिली तर रोमन प्रश्नोत्तरीचे म्हणणे अधिक चांगले समजते. आणि गोष्ट सांगताना रिख्टर यांनी पुस्तकाच्या शेवटी जोडलेली ज्यूविरोधी कायद्यांची वर्षवारी गाळू नये. मुलांना ती कंटाळवाणी वाटेल म्हणून ती सोडून देण्याचा मोह होतो, परंतु कोणत्या साली बाक, कोणत्या साली तलाव, कोणत्या साली शाळा बंद झाली हे फळ्यावर एकाखाली एक लिहिले, तर १९३० हे साल त्या यादीच्या वर, अजून एकही कायदा झालेला नसताना, एकटेच उभे आहे हे त्यांना आपोआप दिसते.